सुताची धूळ, मळी आणि मे महिना: सोलापुरातल्या एका सर्व्हेअरचा कॅमेरा

विमा सर्व्हेअरला बहुतेक वेळा फोटो काढायला एकच फेरी मिळते. माग बंद पडला की मालकाचं नुकसान तासागणिक वाढतं. तो तुटलेला शाफ्ट काढून नवा बसवणार आणि जुना भंगारात जाणार. म्हणून पाहणीला गेलेल्या माणसाचा कॅमेरा त्या फेरीत चाललाच पाहिजे, मग समोर सुताची धूळ असो, बॉयलरची वाफ असो की ४२ अंशांचं ऊन.

हे प्रकरण सोलापुरातल्या एका सर्व्हेअर मॅडमचं आहे. त्या मेकॅनिकल इंजिनिअर, मदतीला एक तरुण सहकारी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरींचे कारखाने, चिंचोळी एमआयडीसी, जिल्हाभरातले साखर कारखाने, आणि अधूनमधून आगीचे नि पुराचे दावे, असा त्यांच्या कामाचा पसारा. माझा व्यवसाय कॅमेरा दुरुस्तीचा. त्यांचे कॅमेरे माझ्याकडेच यायचे. एकदा दुरुस्तीचा अंदाज ऐकून त्या म्हणाल्या, "दादा, आता दुरुस्ती राहू द्या. आमच्या कामाला टिकेल असा कोणता घ्यायचा तेवढं सांगा."

आधीचे कशाने गेले?

नव्याचा विचार करण्याआधी जुने उघडून पाहणं मला गरजेचं वाटलं. पहिला टॉवेल कारखान्यांत फिरलेला, चालू केला की लेन्सची नळी बाहेर येणारा साधा कॉम्पॅक्ट. नळीच्या दोन कड्यांमधल्या फटीत पांढरट तंतूंचा थर इतका दाबून बसला होता, की चिमट्याने टोक धरून ओढल्यावर अख्खी पट्टीच निघाली. तंतूंना वंगण चिकटलेलं आणि वंगणाला आणखी धूळ. आत झूमच्या गिअरचे प्लास्टिकचे दात त्या लगद्यात झिजून गेलेले. सेन्सरच्या काचेवरही एक तंतू आडवा पडला होता. असा कॅमेरा प्रत्येक झूमला भात्यासारखी हवा आत ओढतो आणि बाहेर सोडतो. हवा परत जाते, तंतू आत राहतो.

दुसरा गळीत हंगामात गेला. बाहेरून ठाकठीक दिसत होता, पण शटरचं बटण दाबलं की वर यायचं नाही. बटणाखाली मिल हाउसमधल्या रसाच्या तुषारांचा आणि मळीचा तपकिरी, चिकट थर जमला होता. बॅटरीच्या संपर्कपट्ट्यांवर हिरवट गंज चढला होता. मॅडम तो कॅमेरा रोज पुसत होत्या. पण चिकट मळी कोरड्या कापडाने निघत नाही, उलट फटींमध्ये आणखी सारली जाते.

या दोन कॅमेऱ्यांनी कामाची अट ठरवून दिली. लेन्स बाहेर न येणारी हवी, आणि संध्याकाळी नळाखाली धरून धुता आला पाहिजे. बाकी सगळं यानंतर.

खोक्यावरचे आकडे

मॅडमनी इंटरनेटवर पाहून यादी आणली होती, आणि तिच्यात सगळ्यात वर होता ३० मीटर पाण्याखाली जाणारा कॅमेरा. जो जास्त खोल जातो तो जास्त दणकट, असं कुणालाही वाटेल. पण उजनीच्या तळाशी कोणी सर्व्हे करत नाही. आपल्या कामाला १५ मीटर आणि ३० मीटर यांत काही फरक नाही. फरक पडतो तो धुळीच्या आकड्याने, पडण्याच्या आकड्याने आणि तापमानाच्या आकड्याने, आणि हे आकडे बारीक अक्षरात असतात.

आयपी क्रमांक म्हणजे यंत्र धूळ आणि पाणी किती अडवतं ते सांगणारा आकडा. तो आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतो. त्यातला पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. ५ म्हणजे थोडी धूळ आत शिरली तरी यंत्र चालत राहील. ६ म्हणजे धूळ आत जाताच कामा नये. ही परीक्षा टाल्कच्या पुडीने भरलेल्या पेटीत, यंत्राच्या आतली हवा शोषून घेत, ८ तासांपर्यंत चालते. यंत्रमागाच्या शेडमध्ये जाणाऱ्याने ६ च्या खाली बघूच नये. दुसरा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून अवघड, पण किती अवघड ते कंपनीने सांगायचं असतं. इथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते: पाण्यात बुडवण्याची परीक्षा आणि जोरदार फवाऱ्याची परीक्षा या वेगवेगळ्या आहेत. बुडून टिकलेला कॅमेरा होजपाइपच्या माऱ्यात टिकेलच असं मानक म्हणत नाही.

आपल्याकडच्या कारखान्यांत याला महत्त्व आहे. पाळी सुटली की कामगार कंप्रेसरच्या हवेने अंगावरचे तंतू उडवतात, आणि एखादा प्रेमाने म्हणतो, "मॅडम, द्या, कॅमेरापण झटकून देतो." तो पाइप कॅमेऱ्यावर कधीही धरू देऊ नये. त्या दाबाने तंतू रबराच्या कडेखाली घुसतो, शिवाय कारखान्याच्या हवेत तेलाचे आणि पाण्याचे थेंब असतात.

'मिल-एसटीडी-८१०' हे अमेरिकी लष्कराचं मानक जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसतं. त्यात कितीतरी वेगवेगळ्या चाचण्या आहेत. त्यांतली कोणती केली आणि कोणत्या पातळीवर, ते कंपनी निवडते. २.१ मीटरवरून पडून टिकतो असं लिहिलेलं असतं तेव्हा खाली साधारणपणे ५ सेंटीमीटर जाडीचं प्लायवूड असतं. साखर कारखान्यातली जाळीची लोखंडी पायरी आणि बॉयलरजवळची काँक्रीटची जमीन म्हणजे प्लायवूड नव्हे. जोरात पडल्यानंतर कॅमेरा चालू राहिला तरी त्याचं पाणी अडवणं शाबूत आहे असं धरता येत नाही. पडलेला कॅमेरा त्या दिवशी धुऊ नये.

तापमानाचा आकडा सोलापूरकराने सगळ्यात आधी वाचावा. दणकट कॅमेऱ्यांतल्या ओएम सिस्टमच्या टीजी-७ ची कामाची मर्यादा उणे १० ते ४० अंश सेल्सिअस आहे. आयफोनसाठी ॲपल ० ते ३५ अंश सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतलाच पारा ४० च्या वर असतो. म्हणजे उन्हाळ्याचे दोन महिने इथला प्रत्येक कॅमेरा आणि फोन लिहिलेल्या मर्यादेबाहेर वापरला जातो. दणकट कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत बर्फ दिसतो, ऊन दिसत नाही. गारठ्यात टिकणं ही त्यांची ख्याती आहे. उन्हाची सोय आपली आपणच करावी लागते.

पर्याय आणि त्यांचा निकाल

आयपी६८ चा चांगला मोबाइल हा पहिला पर्याय होता, आणि तो मी सहजासहजी बाद केला नाही. पूर्ण शेड एका चौकटीत घ्यायची असेल, तर अंधुक उजेडात आजचा चांगला फोन छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यापेक्षा बरा फोटो देतो. पण तेलाचे हातमोजे घालून स्क्रीन चालत नाही, उन्हात फोन तापला की स्क्रीन मंद होते, आणि मॅडमचा अख्खा व्यवसाय त्याच फोनवर चालतो. तो गिअरबॉक्समध्ये पडला तर त्या दिवसाचं सगळंच थांबणार.

लेन्स बदलता येणारा, धूळ-पाण्याला तोंड देणारा मिररलेस दुसरा. त्यातल्या ओएम-१ सारख्या नावाजलेल्या कॅमेऱ्यालाही आयपी५३ आहे, म्हणजे धुळीचा आकडा ५. मागांच्या मधल्या गल्लीत उभं राहून लेन्स बदलण्याचा तर प्रश्नच नाही. बॉयलरच्या शिडीवर एक हात कठड्याला लागतो. कॅमेरा एका हाताने चालला पाहिजे.

ॲक्शन कॅमेरा दणकट असतो, लहान असतो, पण त्याची रुंद लेन्स कडेच्या सरळ रेषा वाकवते. शाफ्ट वाकला आहे का, हेच जिथे ठरवायचं, तिथे वाकड्या रेषांचा फोटो देणं धोक्याचं. रेषा सरळ करणारी सेटिंग असते. पण ती चालू होती हे नंतर पटवून देत बसावं लागतं. शिवाय बहुतेकांत फोकस स्थिर असतो, त्यामुळे नेमप्लेटचा नंबर जवळून पुसट येतो.

उरले दणकट कॉम्पॅक्ट. यांची लेन्स आतल्या आत हलते. नळी बाहेर येत नाही, हवा ओढली जात नाही. पहिली अट इथेच पूर्ण होते. दुर्दैवाने हा बाजार आटला आहे. यादीतला तो ३० मीटरवाला निकॉनचा डब्ल्यू३०० २०१७ चा, आता बंद झालेला, त्यामुळे जुनाच मिळतो. जुना जलरोधक कॅमेरा घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. कॅमेरा कपाटात पडून असला तरी रबर म्हातारं होतं, आणि ते बाहेरून ओळखता येत नाही.

खरी लढत रिकोचा डब्ल्यूजी-६ आणि ओएम सिस्टमचा टीजी-७ यांच्यात झाली. ओएम सिस्टम म्हणजे पूर्वीच्या ऑलिंपसचा कॅमेरा विभाग. २०२१ पासून ती वेगळी कंपनी आहे, आणि टीजी-७ तिने २०२३ मध्ये आणला. रिको २० मेगापिक्सेल, २० मीटर, लेन्सभोवती ६ एलईडी. टीजी-७ फक्त १२ मेगापिक्सेल, १५ मीटर. कागदावर रिको पुढे. मॅडमच्या सहकाऱ्याचाही कौल तोच होता: "वीस आणि बाराची तुलनाच कशी होईल?"

मी त्यांना लेन्सचा आकडा दाखवला. रिकोची लेन्स सर्वांत उघडी एफ/३.५, टीजी-७ ची एफ/२.०. हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. ३.५ ला २ ने भागून वर्ग केला की ३ च्या आसपास येतं. म्हणजे टीजी-७ मध्ये जवळपास तिप्पट उजेड शिरतो. जिथे एकाला सेकंदाचा विसावा भाग लागेल तिथे दुसऱ्याचं साठाव्या भागात भागतं. मागांची शेड चालू असताना पायाखालची जमीन थरथरत असते. तिथे विसाव्या भागाचा फोटो हलणार, साठाव्याचा बहुधा वाचणार. सेन्सर दोघांचाही सारखाच लहान, सुमारे ६ मिलिमीटर रुंदीचा. त्यावर जास्त मेगापिक्सेल कोंबून अंधारात काही मिळत नाही. मात्र एफ/२.० झूम न करताच मिळतो, पूर्ण झूमला तो एफ/४.९ होतो. म्हणून लांबून झूम करण्यापेक्षा चालत जवळ जावं.

दुसरं कारण तुटलेल्या शाफ्टचं. धातू हळूहळू थकून तुटला असेल तर तुटल्या तोंडावर एकाआत एक कमानदार रेषा दिसतात, आणि उरलेला शेवटचा तुकडा खरबरीत असतो. अचानक जास्त भार येऊन तुटला असेल तर त्या रेषा नसतात. यंत्र-बिघाडाच्या पॉलिसीत रोजची झीज सहसा वगळलेली असते, त्यामुळे या रेषा दिसणं-न दिसणं लाखांचा फरक करतं. टीजी-७ लेन्सपासून १ सेंटीमीटरवरचं टिपतो. माझ्या टेबलावर तुटलेल्या बोल्टवर दोन्ही पद्धती करून पाहिल्या. लेन्सभोवतालच्या गोल उजेडात तोंड सपाट दिसलं, रेषा जवळपास नाहीशा झाल्या. छोटा एलईडी दिवा बाजूने, अगदी खालून धरला आणि प्रत्येक रेषेची सावली उमटली. ठोकलेले नंबरही तसेच तिरप्या उजेडात वाचता येतात. म्हणजे रिकोचे सहा दिवे गिअरबॉक्सच्या पोकळीत कामाचे, पण ज्यासाठी मॅडमना हवे होते तिथे आड येणारे.

टीजी-७ ची उणीवही त्यांना आधीच सांगितली: शटरचा वेग आपल्या हाताने ठरवता येत नाही. स्वस्त एलईडी नळ्यांखाली फोटोत काळे पट्टे आले तर वेग बदलून ते घालवायचा सोपा मार्ग या कॅमेऱ्यात नाही. हे मान्य करून त्यांनी टीजी-७ घेतला, भारतातल्या वॉरंटीचं बिल मागून. शेडच्या रुंद फोटोंसाठी फोन राहिलाच.

वापराची शिस्त

धूळरोधक कॅमेऱ्याचा सगळा भरवसा बॅटरीच्या झाकणाआतल्या रबराच्या कडेवर असतो. सुताचा एक तंतू त्या कडेवर आडवा पडला आणि झाकण बंद झालं, की पाण्याला वाट मिळाली. डोळ्यांना तो तंतू दिसतही नाही. भिंग लावून, दिवा तिरपा धरून बघावं लागतं. म्हणून शेडमध्ये झाकण उघडायचंच नाही. मोठं कार्ड घालायचं, सकाळी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालूनच निघायचं आणि कार्यालयात परत आल्यावर आधी कॅमेरा धुऊन, पुसून, वाळवून मग झाकण उघडायचं. उघडायचं तेही कोरड्या खोलीत. विणाईच्या खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते. तिथे झाकण उघडून बंद केलं तर ती ओल कॅमेऱ्यात कोंडली जाते आणि एसीच्या गाडीत बसताच लेन्सच्या आतून धुकं धरतं. बाहेरचं धुकं पुसता येतं, आतलं नाही.

मळी साध्या पाण्याने निघते, थोडा वेळ बुडवून ठेवावं लागतं इतकंच. केरोसीन, थिनर, पेट्रोल अजिबात नको. त्याने रबर फुगतं.

चालू मागाजवळ कॅमेरा गळ्यात अडकवून वाकू नये. पट्टा बीममध्ये, म्हणजे सुताच्या फिरत्या रुळात, सापडला तर माणूस ओढला जातो. मॅडमनी गळ्याचा पट्टा काढूनच टाकला. आता कॅमेरा कमरेच्या झाकणबंद पाउचमध्ये असतो आणि फोटोपुरताच बाहेर निघतो.

फ्लॅश बंद. तंतू हवेत तरंगत असतात, फ्लॅश लेन्सला लागून असतो. उजेड पहिल्यांदा त्या तंतूंवर पडतो आणि फोटोत पांढरे ठिपकेच ठिपके येतात.

एका जागी हा कॅमेरा न्यायचाच नाही, आणि ते मी मॅडमना बिल करण्याआधी सांगितलं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना जोडून डिस्टिलरी आणि इथेनॉलचे प्रकल्प आहेत. अल्कोहोलची वाफ असलेल्या भागात दणकट कॅमेरा हा साध्या कॅमेऱ्याइतकाच धोकादायक आहे. पाणी आत न जाणं वेगळं आणि ठिणगी बाहेर न पडणं वेगळं. तिथे स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित केलेलं उपकरणच चालतं, तेही कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या लेखी परवान्याने. त्या भागाचं काम प्रकल्प थांबवून, वायूची तपासणी झाल्यावरच करायचं, असं मॅडमनी ठरवून टाकलं आहे.

फोटो काढल्यानंतरची काळजीही याच निवडीत येते. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावायचं. पत्र्याच्या शेडमध्ये जीपीएस लागत नाही, म्हणून गेटवर मोकळ्या आकाशाखाली एक फोटो काढून मगच आत जायचं. मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायची नाही, फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि तिच्यातली तारीख-वेळेची माहिती गळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमत लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा क्रमांक. मॅडमचा सहकारी आता कार्ड उतरवतानाच एसएचए-२५६ या पद्धतीची हॅश काढून ठेवतो.

हंगामानंतर

गळीत हंगाम उलटून गेला. शटरचं बटण सुटसुटीत आहे, लेन्सच्या काचेवर ओरखडा नाही. झाकणाची कड मी भिंगाखाली पाहिली. एका कोपऱ्यात बारीक तंतू सापडला, पण तो रबराच्या बाहेरच्या बाजूला होता. धुळीने भरलेल्या गोदामातले रुंद फोटो मात्र फोनचेच बरे येतात. अहवालात दोन्ही वापरले जातात आणि कोणता कशाने काढला ते तळटीपेत लिहिलं जातं.

मे महिन्यात उघड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या पाहण्यांसाठी कॅमेरा पांढऱ्या सुती पंच्यात गुंडाळून, वाऱ्याच्या बाजूला सावलीत ठेवणं हा उपाय चालला. व्हिडिओ तुकड्यातुकड्याने काढायचा, सलग नाही. सगळीकडून सीलबंद कॅमेऱ्यात उष्णता बाहेर जायला वाट नसते. उभ्या गाडीत कधीच सोडायचा नाही. दुपारची गाडी आतून ६० अंशांपलीकडे जाते, आणि टीजी-७ साठी नुसतं ठेवण्याची मर्यादाही ६० च आहे. बर्फाच्या डब्यात ठेवण्याची कल्पना सहकाऱ्याने काढली होती. ती मी थांबवली: गार झालेला कॅमेरा बॉयलर हाउसमध्ये नेला की काचेवर पाणीच पाणी होतं.

आता पुढचा प्रश्न रबराचा आहे. ते वर्षातून एकदा बदलून घ्यावं, असं निर्माताच सांगतो. हे काम मी घेतलं नाही. उघडलेला कॅमेरा पुन्हा जलरोधक झाला की नाही, हे दाबाच्या यंत्रावर तपासावं लागतं, आणि ते यंत्र माझ्याकडे नाही. तपासल्याशिवाय "झालं" म्हणून हातात देणं मला पटत नाही. मॅडम तो मे अखेर अधिकृत सेवेकडे पाठवणार आहेत: तेव्हा साखर कारखाने बंद असतात आणि पुराचे दावे सुरू व्हायचे असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरानंतर चिखलातून जे काम करावं लागलं, ते पाहता पावसाळ्यात रबर नवंच असावं, असा त्यांचा आग्रह आहे. कॅमेरा परत येईपर्यंत फोन, तिरपा धरायचा तो छोटा दिवा आणि जवळच्या फोटोंसाठी माझ्याकडचा एक जुना कॅमेरा, एवढ्यावर भागवायचं ठरलं आहे.